मी काहीच केलं नाही

गच्चीतली_तुळस (सोमवार, रात्री १०.२०)

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण इंदूरचे आहात म्हणून इथेच विचारते, घरी विचारून झालंय आणि घरचे म्हणतायत तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस.

आमची कॉलनी सुदामा नगरच्या पुढे, नवीन आहे, अजून महापालिकेकडे हँडओव्हर झालेली नाही त्यामुळे रस्ता दिवे चेंबर सगळं रहवासी संघाकडे. मागच्या सोमवारी सकाळी दूध घ्यायला गेले तर गल्लीच्या तोंडाशी वळणावरच्या चेंबरचं झाकण फुटलेलं, अर्धं सिमेंट आत, गज वर आलेले, आत काळं पाणी आणि त्यावर कोणाच्या तरी स्लिपरचा पट्टा तरंगत होता (हेच का लक्षात राहिलं कोण जाणे). म्हटलं संघाच्या ग्रुपवर फोटो टाकू. फोटो काढलासुद्धा. टाकला नाही. ग्रुपवर मेंटेनन्सवरून आधीच जुंपली होती आणि मी काही टाकलं की कोणीतरी लगेच लिहिणार, वहिनी तुमचे दोन महिने बाकी आहेत. लेकाला मात्र सांगितलं, तिथून बाजूने चालत जा. मंगळवारी कोणीतरी त्यात फांदी खोचली, वर लाल कापड. म्हटलं चला, झालं. गुरुवारी रात्री ती फांदी नव्हती, कोपऱ्यावरचा दिवा पण बंद होता, आणि शेजारचे काका जेवण झाल्यावर शतपावलीला निघाले ते थेट त्यात. ७४ वय. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मुलगा पुण्याला, काकू एकट्या धावपळ करतायत.

फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. सोमवार, सात वाजून बारा मिनिटं. मला कोणी काही बोललेलं नाही. हे पण म्हणाले, तू काय केलंस, तू तर काहीच केलं नाहीस. तेच तर म्हणतेय मी! काहीच केलं नाही.

कायद्याने माझ्यावर काही येतं का? आणि कायदा सोडा, नुसतं माणूस म्हणून?

---

भिया_इंदौरी

ताई टेन्शन नका घेऊ. चाळीस घरं त्याच रस्त्याने येतात-जातात, चाळीस जणांनी पाहिलं असेल, तुम्ही एकट्याच कशा काय गुन्हेगार? संघवाल्यांना धरा, पैसे ते घेतात ना. बाकी सात बारा म्हणजे झाकणाच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव चढलं म्हणायचं 😀 (सॉरी, राहवलं नाही). काका लवकर बरे होवोत.

---

काळाकोट

भियांचं उत्तर अर्धं बरोबर आहे. मी इथल्या जिल्हा कोर्टात बसतो, जरा लांबेल, चहा घेऊन वाचा.

आपल्याकडे 'कृत्य' म्हटलं की त्यात 'न करणं' पण येतं, पण कसलंही न करणं नाही. जुन्या दंडविधानाचं कलम ३२ सांगायचं की कृत्याबद्दलचे शब्द अवैध लोपालाही, म्हणजे बेकायदा 'न करण्या'लाही लागू (इथे कोर्टात हिंदी चालतं म्हणून 'लोप'च तोंडात बसलंय), १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तिच्यातही हे तसंच आहे. वजन 'अवैध' या शब्दावर. म्हणजे जे करायला कायद्याने तुम्ही बांधलेले होतात ते केलं नाहीत तरच. आई-बाप लेकराला, जेलर कैद्याला उपाशी ठेवतील तर तो लोप गुन्हा होतो. कलम ३६ खाली उदाहरणच होतं, एकाने दुसऱ्याला थोडं उपाशी ठेवून आणि थोडं मारहाण करून जीव घेतला तर तो खूनच.

हे सगळं दंडविधान लिहिणाऱ्या इंग्रज मेकॉलेच्या मसुद्यातून आलंय, १८३७ चा. त्याच्या टिपा वाचायला मजा येते. एक सर्जन कलकत्त्यात बसलाय, मेरठला एक जण मरतोय, ते ऑपरेशन अख्ख्या हिंदुस्थानात या एकालाच जमतं, आणि हा जात नाही. खुनी म्हणायचा का? मेकॉले म्हणतो नाही. मग नदीचं उदाहरण. पूर आलाय, वाटसरू पाण्यात उतरतोय, काठावरच्याला माहीत आहे की हा बुडणार आणि तो गप्प बसतो. लोकांना सावध करायला सरकारने त्याला तिथे नेमलेलं असेल तर खून. वाट दाखवायचे पैसे घेतलेला वाटाड्या असेल तरी खून. आणि नुसताच कोणी येणारा-जाणारा असेल, माणुसकीपलीकडे काही नातं नसेल, तर खून नाही. कुत्र्याचंही तसंच. कुत्रा तुमचा असेल आणि तुम्ही त्याला आवरलं नाहीत तर तुम्ही अडकलात, दुसऱ्याचा असेल तर नाही.

तुळसताई, तुम्ही नदीकाठच्या वाटसरू. संघाचे पदाधिकारी वाटाडे, पैसे घेतलेले. हाड मोडणं म्हणजे कायद्यात गंभीर दुखापत, हलगर्जीपणाने झाली तर न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये तीन वर्षांपर्यंत आहे. ते त्यांचं डोकेदुखीचं काम, तुमचं नाही.

---

रामबागवाला

नदीकाठचा वाटसरू म्हटल्यावर पातालपाणी आठवलं. २०११ चा जुलै, धबधब्याच्या वर एक कुटुंब पाण्यात उभं होतं आणि लोंढा आला. तो व्हिडिओ त्या वेळी घरोघरी टीव्हीवर लागला होता, काठावर किती लोक उभे, ओरडतायत, करणार काय म्हणा, त्या पाण्यात उतरणं म्हणजे आपणही जाणं. तिथे काठावरच्यांना दोष देणं मला कधी पटलं नाही.

पण इथल्या बेलेश्वर महादेव मंदिराचं वेगळं. ३० मार्च २०२३, रामनवमी, हवन चालू, बावडीवर (जुन्या विहिरीवर) घातलेला स्लॅब लोकांसकट खाली गेला. ३६ माणसं. माझ्या आतेबहिणीचं घर तिथून चार गल्ल्या सोडून, दुसऱ्या दिवशीपर्यंत सायरन बंद झाले नव्हते म्हणे. आता बघा, बांधकामाबद्दल आधी नोटिसा गेल्या होत्या, हे पेपरात आलं. म्हणजे कोणी झोपलं नव्हतं बरं का, कागद हलला होता. आणि दुर्घटनेनंतर पाच दिवसांच्या आत बुलडोझर येऊन सगळं साफ झालं. म्हणजे तोडणं शक्य होतं! काळाकोट, माझा प्रश्न एवढाच, नोटीस देणं ही कृती झाली का लोप झाला?

---

काळाकोट

चांगला प्रश्न आहे आणि त्याचं सरळ उत्तर नाही. त्या केसवर बोलत नाही, पण एरवी कागदावर सही झाली की प्रत्येक टेबल म्हणतं माझं काम झालं. आपल्याच राज्यातलं भोपाळ घ्या. १९८४ ची ती रात्र म्हणजे खरं तर न केलेल्या गोष्टींची यादी आहे, गॅस गार ठेवणारं रेफ्रिजरेशन बंद ठेवलेलं, वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर जोडलेलाच नाही. त्याचं कोर्टात काय झालं, १९९६ ला सुप्रीम कोर्टाने आरोप ३०४-अ वर आणला, हलगर्जीपणा, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि २०१० ला निकाल लागला तेव्हा तेवढीच शिक्षा झाली. न करण्याची किंमत कायदा अशी लावतो. न्याय संहितेत आता ते कमाल पाच वर्षं झालंय (डॉक्टरांना दोनच).

---

साठीतला_तरुण

आता कोणीतरी भीष्म काढणारच, म्हणून मीच आधी काढतो आणि बाजूला ठेवतो. द्यूतसभा म्हटली की सगळे भीष्मावर येतात. मला त्या सभेत विदुराचं गणित महत्त्वाचं वाटतं. तो कश्यपाचं वचन सांगतो, अर्धं हरति वै श्रेष्ठः. सभेत निंद्य गोष्ट घडताना कोणीच निषेध केला नाही तर पापाचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाचा, पाव करणाऱ्याचा, आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांचा. नीट वाचा, करणाऱ्याला पाव आणि प्रमुखाला अर्धा! मनुस्मृतीत वाटणी वेगळी आहे, तिथे कर्ता, साक्षीदार, सभासद आणि राजा, चौघांना पाव-पाव. मनूचं बाकी काय घ्यायचं काय नाही तो दुसऱ्या धाग्याचा विषय. पण दोन्हीकडे गप्प बसणाऱ्याचा वाटा शून्य नाही.

म्हणून तुळसबाई, चाळीस घरांना मिळून पाव. तुमच्या वाट्याला पावाचा चाळिसावा. फार नाही. पण आहे.

---

भिया_इंदौरी

काका मस्त हिशोब, पण विदुर बोलला आणि तिथेच बसून राहिला ना? उठून गेला का? विकर्ण बोलला, कौरवांतला असून बोलला, त्यालाही कर्णाने गप्प केलं. बोलून काय फरक पडला? मी पण ग्रुपवर बोलत असतो, दर पावसाळ्यात बोलतो, खड्डे तिथेच आहेत.

आणि मदत करायची म्हटली तर पोलीस. २०१४ ला राऊच्या अलीकडे एका बाइकवाल्याला उचलून दवाखान्यात नेलं मी, तीन तास बसवून ठेवलं, कोण तुम्ही, कुठून आलात, तुमच्याच गाडीने लागलं का. त्यानंतर कानाला खडा. आता कोणी मला सांगू नये की वाटसरूने थांबावं.

---

रात्रपाळी

भिया, २०१४ ची गोष्ट आता जुनी झाली. मी नर्स आहे, कॅज्युअल्टीत रोज बघते. सुप्रीम कोर्टाने २०१६ ला मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं, मग २०१९ ला मोटार वाहन कायद्यात १३४-अ आलं. आणणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, त्याच्यावर दिवाणी-फौजदारी काही नाही. आता तर बक्षीस पण आहे, आधी पाच हजार होतं, आता राहवीर म्हणून पंचवीस हजार. तरी लोक पेशंटला गेटवर उतरवून पळतात, मी स्वतः मागे धावलेय की अहो निदान कुठे पडला होता ते तरी सांगा, त्यावर उपचार अवलंबून असतो.

आम्हाला मात्र वाटसरू होता येत नाही. १९८९ चा परमानंद कटारा निकाल आम्हाला पहिल्या आठवड्यात सांगतात. स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं, दवाखाना म्हणाला आम्ही पोलीस केस घेत नाही, दुसरीकडे न्या, तो वीस किलोमीटर, वाटेतच गेला. कोर्ट म्हणालं आधी जीव, मग कागद.

आणि न करण्याची दुसरी बाजू पण आहे. व्हेंटिलेटर. लावलाच नाही तर नातेवाईक शांत असतात, लावलेला काढायचा म्हटलं की हात कापतात, सही करणाऱ्याचे पण आणि आमचे पण. अरुणा शानबाग निकालात २०११ ला कोर्टाने उपचार काढून घेण्याला वाट दिली, २०१८ ला लिव्हिंग विल आलं, म्हणजे असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं. कायद्याच्या पुस्तकात दोन्ही 'उपचार न करणं'च आहे. पण नळी हातात धरून बघा, न करणं वाटत नाही ते.

बाय द वे तुळस, ती फांदी कुठे गेली?

---

शेवउसळ_बडोदा

आमच्या बडोद्यात पण चेंबरांचं हेच आहे, असो. मला मेकॉलेचं पटत नाही. फ्रान्समध्ये सरळ कायदा आहे, कोणी संकटात आहे, तुम्हाला स्वतःला धोका न पत्करता मदत करता येत होती आणि नाही केलीत, तर पाच वर्षं आणि ७५ हजार युरो. डायनाच्या अपघातानंतर फोटोग्राफरांवर हाच संशय होता की मदत न करता फोटो काढत बसले (पुढे सुटले ते). जर्मनीतही असं कलम आहे, एक वर्षाचं. मग आपल्याकडे का नको? तुळसताईंना एक फोटो टाकायला काय धोका होता?

---

रामबागवाला

मग माझ्यासकट अर्धं इंदूर आत जाईल. छप्पन दुकानवर उभं राहून पोहे खाताना किती वेळा किती काय बघतो आपण.

---

काळाकोट

सरकारने प्रयत्न केला की हो एकदा, आणि काय झालं आठवा. न्याय संहितेत १०६ (२), निष्काळजी गाडी चालवून जीव घेतला आणि पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळालात तर दहा वर्षं. म्हणजे निम्मा गुन्हा न कळवण्याचा. जानेवारी २०२४ ला ट्रकवाले संपावर गेले, इंदूरला पंपांवर रात्रभर रांगा होत्या, मी स्वतः दीड तास उभा होतो, कोर्टात स्कूटर ढकलत गेलो. ते पोटकलम अजून लागू केलेलं नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आहे बरं का, पॉक्सोत (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा) माहीत असून कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत, तिथे शेजारी-पाजारी पण वाटसरू राहत नाहीत.

आणि एक सांगायचं राहिलं. नातं नसलं तरी बांधला जातो अशी एक जागा आहे, धोका तुम्हीच निर्माण केला असेल तर. इंग्लंडची केस आहे, मिलर, १९८३. एक जण पेटती सिगरेट हातात घेऊन झोपला, जाग आली तर गादी धुमसतेय, तो उठला आणि शेजारच्या खोलीत जाऊन परत झोपला. घर पेटलं. म्हणाला मी तर काहीच केलं नाही. कोर्ट म्हणालं, सुरुवात तुझ्या हातून झाली, कळल्यावर विझवायला हवं होतं. हे आपलं जनरल नॉलेज म्हणून.

---

गच्चीतली_तुळस (बुधवार, रात्री १२.५०)

दोन दिवस आले नाही इथे. रात्रपाळीने विचारलं तेव्हाच वाचलं होतं.

फांदी मी काढली.

गुरुवारी दुपारी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, गाडी रिव्हर्स घेताना वळणावर ती फांदी आडवी येत होती, आरशाला लागत होती, मागून पाण्याचा टँकर हॉर्न देत होता. मी उतरले, फांदी उपसली, भिंतीला टेकवून ठेवली. लाल कापड ओलं होतं, हाताला वास आला. म्हटलं येताना लावते. येताना पुढच्या गेटकडे रस्ता खोदलेला होता म्हणून मागच्या गेटने आलो आणि मी विसरले. शप्पथ विसरले. रात्री धप्प आवाज आला आणि काकूंची हाक आली तेव्हा मला आधी फांदी आठवली, काका नंतर.

पहिल्या पोस्टमध्ये 'ती फांदी नव्हती' असं लिहिलं. खोटं नाही लिहिलं. पण तीन वेळा खोडून मग तसं लिहिलं.

---

भिया_इंदौरी

अरे देवा.

---

काळाकोट

ताई, मग माझं वरचं उत्तर बदलतं. वाटसरू राहिला नाहीत तुम्ही. फौजदारीत टिकेल असं मला वाटत नाही, तिथे हलगर्जीपणा बराच मोठा लागतो, आणि संघाची जबाबदारी तशीच राहते. पण नुकसानभरपाईचा दावा कोणी केला तर तुमचं नाव येऊ शकतं. मोकळेपणाने सांगतो, इथे आणखी लिहू नका, आणि काकांकडे जाऊन काही कबूल करण्याआधी ओळखीच्या वकिलाला भेटा.

---

साठीतला_तरुण

वा वकीलसाहेब. म्हणजे आता गप्प बसा हा सल्ला. फिरून सभेतच आलो आपण.

---

काळाकोट

साहेब, अशिलाला गप्प बसवणं हाच आमचा धंदा आहे, लाज वाटते कधी कधी, पण तुम्ही केस लढणार नाही, मी लढतो.

---

रात्रपाळी

तुळस, खुब्याच्या पेशंटला पहिला महिना फार जड जातो. कायद्याचं काय ते बघा पण संडासची खुर्ची आणि वॉकर आहे का ते विचारून घ्या, काकू एकट्या उचलणार कशा. दोन तासांनी कुशीवर वळवायला लागतं, नाहीतर पाठीला जखम होते, आणि कुशी वळताना पायांमध्ये उशी ठेवायची.

---

गच्चीतली_तुळस (रविवार, रात्री ९.०५)

गेले होते. ह्यांना न सांगता गेले, वकिलाला पण न भेटता. काळाकोट रागावू नका.

काका पलंगावर, उशीला टेकून पेपर वाचत होते, काकू मेथी निवडत होत्या. मी सांगितलं सगळं, फोटोचं पण आणि फांदीचं पण. काकूंचा हात थांबला, मग परत सुरू झाला, पण आता त्या पानांबरोबर देठ पण टाकत होत्या भाजीत. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ती फांदी मीच लावली होती. लाल कापड म्हणजे त्यांच्या जुन्या देवघराचा पडदा. म्हणाले दिवा बंद होता ना, मी फांदी बघत बघतच चाललो होतो, फांदी आली की डावीकडे व्हायचं असं ठरवलेलं होतं, ती आलीच नाही.

मला रडू आलं, त्यांना ते आवडलं नाही बहुतेक. म्हणाले रडू नकोस, मला पण संघात फोन करायचा होता मंगळवारी, नंबर काढून ठेवला होता. फांदी लावली आणि वाटलं, झालं काम.

माफ केलं असं काही म्हणाले नाहीत. मी विचारलं पण नाही. वॉकर आहे, खुर्ची नव्हती, ती उद्या येतेय, पैसे काकूंनी घेतले नाहीत अजून. मुलाचा पुण्याहून फोन येणार होता त्यांना, माझा नंबर त्याला द्या म्हणून सांगून आले. अजून तरी फोन आलेला नाही.

---

काळाकोट

रागावलो नाही. त्याचा फोन आला तर मला व्यनि करा, फी नको.

---

भिया_इंदौरी

ताई, झाकण लागलं का पण?

---

गच्चीतली_तुळस

लागलं काल. इंचभर लहान आहे, पाय पडला की डगमगतं. या वेळी फोटो काढून लगेच ग्रुपवर टाकला. दोन जणांनी अंगठा दिला आणि एकाने लिहिलं, वहिनी तुमचे दोन महिने बाकी आहेत.